‘लय डेंजर’ला इंग्रजीत काय म्हणावे?

वाचकांचे प्रश्न, इंग्रजीची उत्तरे

या वेळी विदर्भातून आलेल्या पत्रांचा सूर जवळपास एकच होता. एखाद्या गोष्टीपासून धोका आहे, किंवा तो एरवीपेक्षा जास्त आहे, हे रोजच्या साध्या इंग्रजीत कसे सांगायचे, असे बहुतेकांनी विचारले आहे. त्यांतील काही पत्रे, लेखकांची नावे वगळून आणि थोडी संक्षिप्त करून, येथे दिली आहेत.

प्रश्न : मी दारव्हा तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. ‘पावसाळ्यात साप चावण्याचा धोका वाढतो’ हे वाक्य सातवीच्या मुलांना इंग्रजीत करायला दिले होते. बहुतेकांनी ‘स्नेक इज व्हेरी डेंजर इन रेनी सीझन’ असे लिहिले. बाजारातील गाइडमध्ये ‘द डेंजर ऑफ स्नेकबाइट इज इन्क्रीज्ड’ असे उत्तर छापलेले आहे. मला दोन्ही वाक्ये खटकतात, पण का खटकतात ते मुलांना सांगता येत नाही. ‘डेंजर’ आणि ‘रिस्क’ यांत फरक काय, हेही कृपया सांगावे.

उत्तर : मुलांची चूक इंग्रजीची नसून मराठीची आहे, आणि ती समजण्यासारखी आहे. आपण ‘डेंजर’ हा शब्द घेतला आणि बोलता बोलता त्याचे विशेषण करून टाकले. ‘लय डेंजर माणूस’, ‘तो घाट डेंजर आहे’ असे आपण सर्रास म्हणतो, आणि मराठीत त्याला कोणी चूक म्हणणार नाही. इंग्रजीत मात्र ते नाम आहे. सापाला ‘डेंजरस’ म्हणावे लागते. मुलांना एवढेच सांगावे की, मराठीत जिथे ‘धोकादायक’ बसते तिथे ‘डेंजरस’ आणि जिथे ‘धोका’ बसतो तिथे ‘डेंजर’. मात्र ‘स्नेक्स आर डेंजरस इन द रेनी सीझन’ एवढी दुरुस्ती करून भागत नाही, कारण साप उन्हाळ्यातही तेवढाच विषारी असतो. पावसाळ्यात बदलते ती त्याची आणि आपली गाठ पडण्याची शक्यता.

आता गाइडमधील उत्तर. ‘इज इन्क्रीज्ड’ म्हटले की कोणीतरी किंवा कशाने तरी तो धोका वाढवला, असा अर्थ होतो, आणि ऐकणारा पुढच्या कारणाची वाट पाहत राहतो. वैद्यकीय पुस्तकात अशी रचना चालते, कारण तेथे ‘धूम्रपानामुळे’ किंवा ‘मधुमेहामुळे’ असे कारण पुढे येते. गावातल्या बोलण्यासाठी ‘द रिस्क गोज अप इन द रेनी सीझन’ हे पुरेसे आहे. ‘गो अप’ हे क्रियापद मुलांना भाव, तापमान आणि विहिरीतील पाणी यांसाठीही वापरता येते. ‘राइज’ आणि ‘रेज’ या जोडीत मात्र मोठी माणसेही गोंधळतात. धोका आपोआप वाढला तर ‘राइज’, एखाद्या गोष्टीने तो वाढवला तर ‘रेज’: ‘वॉकिंग बेअरफूट ॲट नाइट रेजेस द रिस्क’. ज्याला ही जोडी लक्षात राहत नाही त्याने दोन्ही ठिकाणी ‘इन्क्रीज’ वापरावे, कारण ते दोन्ही बाजूंनी चालते.

‘डेंजर’ आणि ‘रिस्क’ यांतील फरक वर्गात शब्दकोशाने शिकवू नये, गोठ्याच्या उदाहरणाने शिकवावा. कुटाराच्या ढिगात घोणस बसली आहे, हे ‘डेंजर’. त्या ढिगात न बघता हात घालणारा माणूस घेतो ती ‘रिस्क’. पहिली गोष्ट कोणी तिकडे गेले नाही तरी तेथे असतेच. दुसरी मात्र माणसाच्या वागण्यावर, वेळेवर आणि ठिकाणावर अवलंबून असते, आणि म्हणूनच ती कमी-जास्त होते व मोजता येते. ‘वाढलेला धोका’ सांगायचा असेल तेव्हा इंग्रजी बोलणारा माणूस बहुधा ‘रिस्क’कडे वळतो तो यामुळे. ‘डेंजर’ वाढल्याचे म्हणायला हरकत नाही, पण तेव्हा ‘द डेंजर इज ग्रोइंग’ अशी परिस्थितीच हाताबाहेर जात असल्याची छटा येते. पूर चढत असेल, वणवा पसरत असेल, तर ते शोभते.

तरीही आमच्या मते मुलांना शिकवायचे सर्वांत उपयोगी वाक्य या दोन्ही नामांवाचूनच तयार होते: ‘यू आर मोअर लाइकली टू गेट बिटन बाय अ स्नेक इन द रेनी सीझन’. इंग्रजी घरात आई मुलाला किंवा शेजारी शेजाऱ्याला सांगतो ते साधारण असेच. ‘मोअर लाइकली’ची खुबी अशी की ते कोणाला आणि काय होण्याची शक्यता हे सांगायला भाग पाडते, आणि कशाच्या तुलनेत हा प्रश्नही लगेच पुढे आणते. मण्यार रात्री घरात शिरते आणि झोपलेल्या माणसाला चावते, हे आपल्याकडे नवे नाही. मग वाक्य होईल: ‘पीपल हू स्लीप ऑन द फ्लोर आर मोअर लाइकली टू गेट बिटन दॅन पीपल हू स्लीप ऑन अ कॉट’. या एका वाक्यात बाजेवर झोपण्याचा सल्लाही आला.

शेवटी शब्दयोगी अव्ययांविषयी. ‘रिस्क’पुढे ‘ऑफ’ येते आणि त्यापुढे नाम किंवा ‘इंग’ लागलेले रूप येते: ‘द रिस्क ऑफ गेटिंग बिटन’. ‘रिस्क टू गेट’ ही रचना आपल्याकडे फार दिसते, ती टाळावी. आणि ‘डोन्ट टेक रिस्क’ हे मराठी ‘रिस्क घेऊ नको’चे थेट रूप आहे, इंग्रजीत ते ‘डोन्ट टेक रिस्क्स’ किंवा ‘डोन्ट टेक द रिस्क’ असे होते.

प्रश्न : मी चिमूर तालुक्यातील असून ताडोब्याला येणाऱ्या पर्यटकांसोबत गाइड म्हणून जातो. परदेशी पाहुणे मुक्कामाच्या ठिकाणी विचारतात, ‘इज इट डेंजरस टू वॉक हिअर?’ मी ‘येस, टायगर डेंजर इज मोअर’ असे सांगतो. ते हसतात, आणि काही जण तरीही फिरायला निघतात. त्यांना घाबरवायचे नाही, पण थांबवायचे आहे.

उत्तर : तुमच्या वाक्यात ‘मोअर’ आहे, पण कशापेक्षा ते नाही. ‘मोअर’ एकटे आले की इंग्रजी कानाला वाक्य अर्धवट वाटते. ‘इट्स मोअर डेंजरस आफ्टर डार्क’ म्हटले तर दिवसाशी तुलना झाली आणि वाक्य पायावर उभे राहिले.

पाहुणे निघून जातात त्याचे कारण मात्र व्याकरण नाही. तुम्ही त्यांना माहिती दिली, पण काय करायचे ते सांगितले नाही. इंग्रजीत धोक्याची माहिती आणि मनाई यांच्या मधे बऱ्याच पायऱ्या आहेत. ‘इट्स अ बिट रिस्की’ म्हणजे जरा जपून. ‘इट्स नॉट सेफ टू वॉक हिअर’ म्हणजे जाऊ नका. ‘आय वुडन्ट गो दॅट वे’ हे वरवर स्वतःविषयीचे बोलणे आहे, पण इंग्लंडमधील माणूस त्यातला इशारा ओळखतो. तेथील लोक गंभीर गोष्टही हलक्या आवाजात सांगतात, त्यामुळे ‘इट्स प्रॉबेब्ली नॉट अ गुड आयडिया’ ही त्यांच्यात चक्क मनाई असू शकते. परंतु ताडोब्यात येणारा प्रत्येक गोरा माणूस इंग्रज नसतो. जर्मन किंवा जपानी पाहुण्याचे इंग्रजी तुमच्यासारखेच शिकलेले असते, आणि त्याला असली आडवळणे कळतीलच असे नाही. तेव्हा सभ्यतेसाठी ‘प्लीज’ घालून सरळ सांगावे: ‘प्लीज डोन्ट वॉक हिअर अलोन. देअर आर टायगर्स अराउंड’. दोन छोटी वाक्ये, आणि त्यांत ‘डेंजर’ शब्द नाही. तो नसल्यामुळेच ती घाबरवत नाहीत.

पाहुण्यांना गावकऱ्यांविषयीही सांगावे, असे आम्हाला वाटते. मार्च-एप्रिलमध्ये बाया पहाटेच्या अंधुक उजेडात मोहफुले वेचायला जंगलात जातात, खाली वाकून तासन्‌तास काम करतात. मेमध्ये तेंदूपत्त्याची तोडणी असते. उघड्या जिप्सीत बसलेल्या पाहुण्यापेक्षा त्यांना वाघापासून कितीतरी अधिक धोका असतो. ‘द पीपल हू गॅदर महुआ फ्लॉवर्स आर ॲट मच ग्रेटर रिस्क दॅन वी आर’. येथे ‘मच मोअर रिस्क’पेक्षा ‘मच ग्रेटर रिस्क’ किंवा ‘मच हायर रिस्क’ चांगले. ‘बिग डेंजर’ही सहसा म्हणत नाहीत; तेथे ‘ग्रेट डेंजर’ किंवा ‘रिअल डेंजर’ येते, तर ‘बिग रिस्क’ मात्र चालते. याला नियम नाही, सवय आहे. ‘धो-धो पाऊस’ म्हणतात, ‘धो-धो ऊन’ म्हणत नाहीत, तसेच.

प्रश्न : घाटंजी तालुक्यात माझे कृषी सेवा केंद्र आहे. कीटकनाशकाच्या डब्यावर कुठे ‘पॉयझन’, कुठे ‘डेंजर’, कुठे ‘कॉशन’ असे लिहिलेले असते. अमेरिकेतील शेतीचे व्हिडिओ पाहणारा एक तरुण ग्राहक सांगत होता की, ‘डेंजर’ लिहिलेले औषध सर्वांत जहाल असते. माझ्या समजुतीप्रमाणे तसे नाही. खरे काय?

उत्तर : आपल्या देशातील डब्यापुरते तुमचे बरोबर आहे, आणि त्या तरुणाचेही अमेरिकेपुरते बरोबर आहे. नेमकी हीच गोष्ट धोक्याची आहे.

भारतात 1971 च्या कीटकनाशक नियमांनुसार डब्यावर टोकावर उभा केलेला एक चौकोन असतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग विषारीपणाची पायरी सांगतो आणि वरच्या भागात इशाऱ्याचा शब्द असतो. लाल रंगासोबत कवटी, हाडे आणि लाल अक्षरांत ‘पॉयझन’. पिवळ्यासोबतही लाल अक्षरांत ‘पॉयझन’, पण कवटी नाही. निळ्यासोबत ‘डेंजर’, आणि हिरव्यासोबत ‘कॉशन’. म्हणजे आपल्याकडे ‘डेंजर’ तिसऱ्या पायरीवर आहे. या पायऱ्या, औषध तोंडावाटे पोटात गेल्यास प्रयोगातील निम्मे प्राणी दगावतील अशा मात्रेवरून ठरतात. शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे ती मात्रा 1 ते 50 मिलिग्रॅम असेल तर लाल, 51 ते 500 असेल तर पिवळा, 501 ते 5000 असेल तर निळा, आणि त्याहून अधिक असेल तर हिरवा. आकडा जेवढा लहान तेवढे विष जहाल, हे ग्राहकाला मुद्दाम सांगावे लागते, कारण मोठा आकडा म्हणजे मोठा धोका असाच मनाचा ओढा असतो.

अमेरिकेत क्रम वेगळा आहे. तेथे ‘डेंजर’ सर्वांत वरचा, त्याखाली ‘वॉर्निंग’ आणि त्याखाली ‘कॉशन’. तेथील डबा पाहून आपल्याकडच्या डब्याचा अर्थ लावणारा माणूस निळ्याला पिवळ्याहून जहाल समजेल, आणि पिवळ्या डब्याला हलक्या हाताने घेईल. तेव्हा दुकानात शब्दापेक्षा रंगावर बोट ठेवून समजावणे अधिक सुरक्षित आहे.

आता भाषेचा एक पदर. डब्यावरचा रंग सांगतो तो पदार्थाचा अंगभूत धोका. इंग्रजीत त्याला ‘हॅझर्ड’ म्हणतात. फवारणाऱ्याच्या वाट्याला तो किती येईल, ही ‘रिस्क’. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हा या दोहोंतला फरक साऱ्या महाराष्ट्राने पाहिला. डोक्याच्या उंचीला आलेली पऱ्हाटी, तोंडावर नीट फडके नाही, घामाने भिजलेले अंग आणि उलटा वारा, अशा वेळी डबा तोच असला तरी ‘रिस्क’ तीच राहत नाही. ग्राहकाच्या शिकलेल्या मुलाला इंग्रजीत सांगायचे तर ‘इफ यू स्प्रे अगेन्स्ट द विंड, यू आर फार मोअर लाइकली टू ब्रीद इट इन’. निळ्या किंवा हिरव्या डब्याबद्दल ‘इट्स सेफ’ असे मात्र कधी म्हणू नये. ‘इट्स लेस टॉक्सिक’ म्हणावे. ‘सेफ’ शब्द ऐकला की माणूस हातमोजे काढून ठेवतो.

प्रश्न : वरुड तालुक्यातून लिहीत आहे. रानडुकरांसाठी धुऱ्यावर सोडलेल्या तारेचा शेजाऱ्याला करंट लागला. तो वाचला. विम्याच्या इंग्रजी अर्जात मी ‘ही गॉट करंट’ लिहिले, ते साहेबांनी खोडले. आणि डीपीवर ‘डेंजर’ लिहितात, ‘रिस्क’ का लिहीत नाहीत?

उत्तर : ‘ही गॉट ॲन इलेक्ट्रिक शॉक’ असे लिहावे. ‘ही वॉज इलेक्ट्रोक्यूटेड’ लिहू नये. तो शब्द मूळचा विजेने मृत्यू येण्याचा आहे, आणि अर्जात त्यावरून घोळ होऊ शकतो. डीपीवरची 11000 व्होल्टची वीज तेथे हजर आहे, कोणी हात लावो वा न लावो, म्हणून तेथे ‘डेंजर’. ‘रिस्क’ हा शब्द पाटीवर येतो तो जबाबदारी झटकण्यासाठी, ‘पार्किंग ॲट ओनर्स रिस्क’. जाता जाता सांगायचे तर, धुऱ्यावर थेट लाइनची तार सोडणे बेकायदेशीर आहे, आणि त्याला कुठल्याही भाषेतला शब्द सौम्य करू शकत नाही. कुंपणाच्या तारेला जीव न घेणारा क्षणिक झटका देणारे मान्यताप्राप्त झटका मशीन ही वेगळी गोष्ट आहे.

प्रश्न : मी गडचिरोली जिल्ह्यात आरोग्यसेविका आहे. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावरील प्रशिक्षणाचे साहित्य इंग्रजीत मिळते. त्यात ‘इन्क्रीज्ड रिस्क’ जागोजागी येते. मी त्याचे ‘वाढलेला धोका’ असे भाषांतर करून सांगते, तर लोक विचारतात, ‘बाई, कधीपासून वाढला?’ दुसरे असे की, ‘25 टक्के चान्स’ समजावताना फार अडचण होते.

उत्तर : लोकांचा प्रश्न अगदी रास्त आहे. ‘इन्क्रीज्ड रिस्क’मध्ये काळाची गोष्ट बहुधा नसतेच. एका गटाला दुसऱ्या गटापेक्षा जास्त धोका आहे, एवढेच त्यात म्हटलेले असते. काल कमी होता आणि आज वाढला, असे सांगायचे असते तेव्हा ‘इन्क्रीजिंग’ किंवा ‘द रिस्क हॅज गॉन अप’ येते. म्हणून ‘इन्क्रीज्ड’ दिसले की ‘इतरांपेक्षा जास्त’ असे म्हणावे. सिकलसेलच्या रुग्णाला ‘ॲट इन्क्रीज्ड रिस्क ऑफ इन्फेक्शन’ म्हटले असेल तर त्याचा अर्थ, हा आजार नसलेल्या माणसापेक्षा त्याला जंतुसंसर्ग होण्याची शक्यता जास्त, असा होतो. ती कालपासून जास्त झालेली नाही, जन्मापासूनच आहे.

‘चान्स’ या शब्दाचा मराठीत अर्थ थोडा बदलला आहे. ‘चान्स मिळाला’ म्हणजे संधी, म्हणून आजाराचा ‘चान्स’ ऐकून लोक गोंधळतात. इंग्रजीत तो तटस्थ आहे, बऱ्या-वाईट दोन्हींसाठी चालतो. ‘रिस्क’ मात्र वाईटासाठीच. तुमच्या कामात टक्क्यापेक्षा माणसे मोजणे सोपे जाईल. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, म्हणजे स्वतः आजारी नसून तो पुढच्या पिढीला देऊ शकत असतील, तर ‘इच चाइल्ड हॅज अ वन इन फोर चान्स ऑफ हॅविंग द डिसीज’. यातला ‘इच’ फार महत्त्वाचा आहे. तो गाळला की ऐकणाऱ्याला वाटते, चार मुलांपैकी एकालाच आजार होणार, आणि पहिले मूल आजारी निघाले तर पुढची तिघे सुटली. तसे नसते. प्रत्येक गरोदरपणात शक्यता पुन्हा तेवढीच, चारात एक. आधीच्या मुलाचा निकाल पुढच्याच्या कामी येत नाही. मराठीत सांगतानाही ‘दर खेपेस’ हे शब्द सोडू नयेत.

आणखी एका शब्दापासून सावध राहावे, तो म्हणजे ‘ट्वाइस’. धोका दुप्पट झाला म्हटले की छातीत धस्स होते, पण कशाच्या दुप्पट ते कोणी सांगत नाही. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर 1995 मध्ये औषध सुरक्षा समितीने डॉक्टरांना कळवले की, काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्तवाहिनीत गुठळी होण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो. आकडा खोटा नव्हता. जुन्या गोळ्या घेणाऱ्या साधारण 7000 स्त्रियांमागे एकीला गुठळी होत असे, तर नव्या गोळ्या घेणाऱ्यांत तेवढ्यांमागे दोघींना. परंतु बातमीत ‘दुप्पट’च मोठ्या अक्षरांत आले, असंख्य स्त्रियांनी गोळ्या बंद केल्या, आणि पुढच्या वर्षी इंग्लंड व वेल्समध्ये सुमारे 13,000 गर्भपात जास्त झाल्याचा अंदाज नंतर मांडला गेला. गर्भारपणात गुठळीचा धोका त्या गोळ्यांपेक्षा जास्त असतो, हे त्या गडबडीत मागे पडले. म्हणून ‘ट्वाइस ॲज लाइकली’ असे वाचले तर त्याच परिच्छेदात मूळ आकडा शोधावा. तो सापडला नाही तर प्रशिक्षण देणाऱ्या डॉक्टरांना विचारावे: ‘ट्वाइस ॲज लाइकली ॲज हू? हाऊ मेनी आऊट ऑफ अ थाउजंड?’ हे विचारताना संकोच करू नये. डॉक्टरांना हा प्रश्न आवडेलच असे नाही, पण उत्तर त्यांनाच द्यायचे आहे.

प्रश्न : पवनी तालुक्यातील नदीकाठच्या गावात ग्रामपंचायतीचे काम पाहतो. गोसीखुर्द धरणाचे दरवाजे उघडले की बाहेरच्या राज्यांतून आलेल्या मजुरांसाठी आणि अभियंत्यांसाठी इंग्रजीतही सूचना लावावी लागते. ‘रिव्हर डेंजर इज इन्क्रीज्ड’ चालेल काय?

उत्तर : चालणार नाही. नदीच्या बाबतीत ‘डेंजर’ला मीटरमध्ये माप आहे, तेच वापरावे. केंद्रीय जल आयोगाच्या पूर-अंदाजात प्रत्येक ठिकाणासाठी इशारा पातळी आणि धोका पातळी ठरलेली असते, इंग्रजीत ‘वॉर्निंग लेव्हल’ आणि ‘डेंजर लेव्हल’. पाणी पहिलीच्या वर गेले असेल तर ‘द रिव्हर इज अबव्ह द वॉर्निंग लेव्हल अँड स्टिल रायझिंग’, दुसरीच्या वर गेले असेल तर ‘अबव्ह द डेंजर लेव्हल’. त्याखाली किती वाजता आणि 33 पैकी किती दरवाजे उघडले ते आकड्यांत लिहावे. मग मोठ्या अक्षरांत ‘डू नॉट क्रॉस द ब्रिज’ एवढेच. पाणी पुलावर येण्याआधी ती पाटी दोन्ही टोकांना लागली पाहिजे, आणि हिंदीतही, कारण मजुरांपैकी बहुतेकांना इंग्रजी वाचता येणार नाही.